श्रवणयंत्राचा इतिहास : सेलच्या बाजूने पाहिलेला

१८१६ मध्ये पोर्तुगालच्या गादीवर आलेल्या दों जुआंव सहावा या राजाला कमी ऐकू येत असे. गोवा, दमण आणि दीव तेव्हा त्याच्याच अमलाखाली होते. स्वतः राजा मात्र नेपोलियनच्या फौजांमुळे लिस्बन सोडून ब्राझीलमध्ये दरबार थाटून बसला होता. १८१९ मध्ये लंडनच्या एफ. सी. राइन या कारागिराने त्याच्यासाठी एक खास सिंहासन घडवले. त्याचे दोन्ही हात आतून पोकळ होते आणि टोकाला जबडा उघडलेले सिंह कोरलेले होते. अर्जदाराने गुडघे टेकून सिंहाच्या तोंडात बोलायचे. तो आवाज पोकळ हातांतून खुर्चीच्या आत जाई आणि तिथून एका नळीने राजाच्या कानाशी पोहोचे.

हे एक श्रवणयंत्रच होते. त्याला ना वीज लागे, ना सेल. पण ते उचलून कुठे नेता येत नव्हते. राजाला ऐकायचे असेल तर खुर्चीत बसावे लागे आणि रयतेला गुडघ्यावर यावे लागे.

आज श्रवणयंत्र शेंगदाण्याएवढे झाले आहे. या दोनशे वर्षांच्या प्रवासाची गोष्ट सहसा आवाजाची, मायक्रोफोनची आणि चिपची म्हणून सांगितली जाते. पण ती सेलच्या बाजूने पाहिली तर अधिक नीट उलगडते. प्रत्येक टप्प्यावर यंत्र तेवढेच लहान झाले, जेवढे लहान होण्याची परवानगी सेलने दिली. दुकानाच्या काउंटरवर आपल्या अब्बांसाठी किंवा नानीसाठी यंत्र निवडताना आपल्यापुढे जे पर्याय मांडले जातात, ते याच इतिहासाचे थर आहेत.

कर्ण्यांचा काळ

सतराव्या शतकापासून युरोपात कानाला लावायच्या कर्ण्यांची वर्णने सापडतात. रुंद तोंडाने आवाज गोळा करायचा आणि निमुळत्या टोकाने कानात सोडायचा, एवढेच त्याचे तत्त्व. बेथोवेनसाठी १८१२ ते १८१४ च्या दरम्यान योहान मेल्त्सेलने असे कर्णे बनवले होते. ते आजही जर्मनीतील बॉन शहरात त्याच्या जन्मघरी जपून ठेवलेले आहेत. राइनच्या दुकानात तर ऐकण्याची साधने पंख्यात, टोपीत, केसांच्या पट्ट्यात लपवून विकली जात.

श्रवणयंत्राच्या इतिहासातली पहिली मागणी ‘मोठ्याने ऐकू येऊ दे’ ही होती, आणि तिच्या पाठोपाठ लगेच दुसरी आली, ‘पण कुणाला दिसू देऊ नको’. या दोन मागण्यांचे आजवर पटलेले नाही. मोठा आवाज हवा तर शक्ती हवी, शक्ती हवी तर सेल मोठा हवा, आणि सेल मोठा झाला की यंत्र दिसणारच.

वीज आली, ओझे वाढले

अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या आईला कमी ऐकू यायचे आणि पत्नी मेबल लहानपणी तापाने पूर्ण बहिरी झाली होती. १८७६ मध्ये त्याने टेलिफोन केला तो याच घरातून. टेलिफोनमध्ये आवाजाची वीज होते आणि विजेचा पुन्हा आवाज होतो. मधल्या मध्ये तो वाढवता आला तर कमी ऐकणाऱ्याचे काम होईल, हे लोकांच्या लवकरच ध्यानात आले.

१८९८ मध्ये अमेरिकेतील मिलर रीझ हचिसन याने कार्बन मायक्रोफोनवर चालणारे विजेचे श्रवणयंत्र तयार केले. पुढे ते ‘अकूस्टिकॉन’ नावाने गाजले. (मोटारींचा ‘क्लॅक्सन’ भोंगा हीदेखील याच गृहस्थाची करामत!) ब्रिटनची राणी अलेक्झांड्रा कमी ऐकत असे, १९०२ च्या राज्याभिषेकाच्या वेळी तिने हे यंत्र वापरले आणि त्याची कीर्ती पसरली. राणी माहेरची डॅनिश. डेन्मार्कच्या ओडेन्स गावातल्या हान्स डेमांट या व्यापाऱ्याने ही बातमी ऐकून आपल्या ऐकू न येणाऱ्या पत्नीसाठी तसे यंत्र आणले आणि १९०४ मध्ये त्याचीच आयात सुरू केली. आजची ‘ओटिकॉन’ कंपनी ती हीच.

कार्बनच्या यंत्रातला आवाज खरखरीत असे. दमट हवेत कार्बनचे दाणे एकमेकांना चिकटत. शिवाय जास्त बहिरेपण असलेल्यांना त्याचा फारसा उपयोग नव्हता. १९२० च्या दशकात व्हॉल्व्हची, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांची यंत्रे आली. आवाज बराच मोठा आणि स्वच्छ झाला, पण या नळ्यांची भूक मोठी होती. एका नळीला दोन प्रकारची वीज लागे. आतली तार तापवायला कमी दाबाचा एक सेल आणि नळीच्या पट्टीसाठी जास्त दाबाची, साडेबावीस किंवा पंचेचाळीस व्होल्टची, दुसरी बॅटरी. त्यामुळे १९३० च्या दशकात अंगावर बाळगता येतील अशी यंत्रे निघाली तरी यंत्र छातीशी, बॅटऱ्या कमरेला किंवा मांडीला पट्ट्याने बांधलेल्या आणि कपड्यांखालून तारांचे जाळे, असा सारा संसार असे. ऐकायचे तर ओझे वाहायचे, असा तो सौदा होता.

युद्धाने दिलेला सेल

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला एक अडचण आली. वायरलेस संचांचे नेहमीचे जस्त-कार्बनचे सेल उष्ण आणि दमट प्रदेशात लवकर खराब होत. त्यावर सॅम्युएल रूबेन या शास्त्रज्ञाने जस्त आणि पाऱ्याचे ऑक्साइड वापरून नवा सेल तयार केला. मॅलरी कंपनीने तो मोठ्या प्रमाणावर बनवला. हीच कंपनी पुढे ‘ड्युरासेल’ म्हणून ओळखली जाऊ लागली. या सेलची दोन वैशिष्ट्ये होती. लहान आकारात जास्त शक्ती मावत असे आणि संपेपर्यंत दाब जवळपास सारखाच, १.३५ व्होल्ट राही.

याच युद्धात तोफगोळ्यांच्या फ्यूजसाठी अगदी छोटे व्हॉल्व्ह आणि छापील सर्किट बनवण्याचे तंत्रही आले. लढाई संपल्यावर हे सारे श्रवणयंत्रांकडे वळले. यंत्र आणि बॅटऱ्या एकाच डबीत मावू लागल्या. खिशात ठेवायची डबी आणि कानापर्यंत जाणारी एक तार, हे रूप तेव्हा स्थिर झाले.

मेड्रेस्को : सेलसुद्धा फुकट

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये सरकारी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. श्रवणयंत्रे तोवर खासगी दुकानांत भारी किमतीला विकली जात. तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने एका सर्वसाधारण यंत्राचा आराखडा तयार केला आणि परिषदेच्या इंग्रजी नावावरून त्याला ‘मेड्रेस्को’ म्हटले. दिसायला ते काही सुंदर नव्हते. छातीशी एक डबी आणि वेगळा बॅटरीचा खोका. पण ज्याला गरज आहे त्याला ते मोफत मिळू लागले.

त्याहून महत्त्वाचा निर्णय दुसरा होता. सरकारने यंत्राबरोबर बॅटऱ्या आणि दुरुस्तीचा खर्चही उचलला. ब्रिटनमधल्या सरकारी यंत्रांचे सेल आजही मोफत मिळतात. यंत्र एकदाच घ्यायचे असते, सेल मात्र जन्मभर घ्यावे लागतात, हे त्या योजनेने ओळखले होते. ही गोष्ट लक्षात ठेवू, कारण पुढे आपल्याकडच्या योजनांकडे पाहताना ती कामाला येणार आहे.

ट्रान्झिस्टर आधी कानात गेला

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. आपल्या पिढ्यांना ट्रान्झिस्टर म्हटले की रेडिओ आठवतो. पण ग्राहकाच्या हातात तो आधी पोहोचला श्रवणयंत्रातून. ग्रॅहम बेलच्या स्मरणार्थ श्रवणयंत्र बनवणाऱ्यांना परवान्याचे शुल्क माफ करण्यात आले होते. १९५२ च्या अखेरीस ‘सोनोटोन १०१०’ आले. त्यात दोन व्हॉल्व्ह आणि एक ट्रान्झिस्टर होता आणि किंमत होती २२९.५० डॉलर. पुढच्याच वर्षी पूर्ण ट्रान्झिस्टरची यंत्रे निघाली आणि दोन-तीन वर्षांत व्हॉल्व्ह जवळपास हद्दपार झाले.

ट्रान्झिस्टरला तार तापवावी लागत नाही, जास्त दाबाची बॅटरीही लागत नाही. एक लहानसा सेल पुरतो. कमरेची बॅटरी त्यामुळे गेली आणि यंत्र डोक्याकडे सरकले. आधी ते चष्म्याच्या काडीत शिरले, मग कानामागे बसले, पुढे कानात गेले. १९६४ मध्ये एकात्मिक सर्किटचे, म्हणजे चिपचे पहिले श्रवणयंत्र बाजारात आले. चिपचा शोध लावणारा जॅक किल्बी त्याआधी ट्रान्झिस्टरच्या श्रवणयंत्रांवरच काम करत होता. २००० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

चष्म्याच्या काडीतले यंत्र विशेष आहे. चष्मा घालायला कुणी लाजत नाही, म्हणून बहिरेपण चष्म्यात लपवले गेले. आपल्या मराठीत तर वाचायच्या चष्म्याला ‘चाळिशी’ असे लाडाचे नाव आहे. कानाच्या मशीनला मात्र असे एकही प्रेमाचे नाव मिळालेले नाही.

हवेवर चालणारा सेल

पाऱ्याचा सेल चांगला होता, पण टाकून दिल्यावर त्यातला पारा माती-पाण्यात जाई. १९७७ च्या सुमारास जस्त-हवेचे बटण सेल श्रवणयंत्रांसाठी बाजारात आले. बोटाच्या टोकावर मावणारा, एका बाजूला रंगीत पट्टी चिकटवलेला सेल आज आपण पाहतो, तो हाच.

त्याची युक्ती साधी आहे. सेलमध्ये सहसा दोन पदार्थ भरावे लागतात. इथे एकच, जस्त भरलेले असते आणि दुसरा पदार्थ, म्हणजे प्राणवायू, सेल बाहेरच्या हवेतून घेतो. त्यामुळे सगळी जागा जस्ताला मिळते आणि तेवढ्याच आकारात जास्त शक्ती मावते. सपाट बाजूला बारीक छिद्रे असतात. पट्टी काढली की हवा आत जाते आणि सेल जागा होतो. म्हणून पट्टी काढल्यावर दोन ते पाच मिनिटे थांबून सेल यंत्रात घालावा. एकदा जागा झालेला सेल पुन्हा झोपत नाही. पट्टी परत चिकटवून काही उपयोग होत नाही. वापरा किंवा वापरू नका, तो उतरतच राहतो. कोरड्या हवेत तो आतून सुकतो, दमट हवेत ओलावा ओढून घेतो. कोकणातला पावसाळा आणि मराठवाड्यातला उन्हाळा दोन्ही त्याला मानवत नाहीत.

हे सेल चार आकारांत मिळतात आणि जगभर त्यांचे रंग ठरलेले आहेत. पिवळा म्हणजे १० नंबर, सर्वांत लहान. तपकिरी ३१२, नारिंगी १३ आणि निळा ६७५, सर्वांत मोठा. दिवसभर यंत्र वापरणाऱ्याला १० नंबरचा सेल साधारण तीन ते सात दिवस पुरतो, तर ६७५ नंबरचा दोन आठवड्यांच्या आसपास. आकडा ऐकून रंग आठवत नाही, पण रंग दाखवला की दुकानदार लगेच योग्य पाकीट देतो. घरातल्या बुजुर्गांना नंबर नव्हे, रंग शिकवावा.

डिजिटललाही सेलसाठी थांबावे लागले

१९८७ मध्ये अमेरिकेच्या निकोलेट कंपनीने ‘फिनिक्स’ नावाचे डिजिटल श्रवणयंत्र आणले. गणिताने आवाज गाळून, हवा तो वाढवून देणारे. पण ते गणित करायला एवढी वीज लागे की प्रोसेसरची पेटी पुन्हा अंगावर बांधावी लागली. चाळीस वर्षांनी माणूस परत तारांत अडकला. ते यंत्र चालले नाही. एका लहानशा जस्त-हवेच्या सेलवर भागेल इतक्या काटकसरी चिप बनायला आणखी नऊ वर्षे गेली. १९९६ मध्ये ‘वाइडेक्स’ आणि ‘ओटिकॉन’ यांची डिजिटल यंत्रे आली आणि काही वर्षांत बाजार बदलला.

२०१६ च्या सुमारास लिथियम-आयनची, म्हणजे मोबाइलसारखी चार्ज होणारी यंत्रे आली. रात्री डबीत ठेवा, सकाळी घाला. सेल बदलायची कटकट गेली, पण वीज रोज हवी ही अट आली.

आपल्याकडची गोष्ट

१९८१ पासून केंद्र सरकारच्या ‘अडिप’ योजनेतून अपंग व्यक्तींना साधने दिली जातात. त्यात श्रवणयंत्रेही आहेत. १९८३ मध्ये मुंबईत वांद्र्याला श्रवणदोषासाठीची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिला अली यावर जंग यांचे नाव देण्यात आले. उस्मानिया आणि अलीगढ या दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू, राजदूत आणि १९७१ पासून महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले जंग १९७६ मध्ये पदावर असतानाच वारले. आज महाराष्ट्रातल्या अनेक कुटुंबांना त्यांचे नाव ठाऊक आहे ते कानाच्या तपासणीच्या चिठ्ठीमुळे.

आपल्या गावांत दीर्घकाळ दिसले ते खिशातले यंत्र. सदऱ्याच्या खिशात डबी, वर येणारी तार आणि कानात बटण. शहरातला माणूस त्याला जुनाट म्हणेल. मायक्रोफोन छातीवर असल्याने कपड्यांची सळसळ ऐकू येते, ही त्याची खरीच खोड. तरी ते टिकले, कारण ते पेन्सिल सेलवर चालते. पेन्सिल सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतो, थरथरत्या बोटांनाही बसवता येतो आणि कमजोर नजरेलाही दिसतो. निळ्या किंवा तपकिरी पट्टीच्या सेलसाठी मात्र अनेकदा तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावे लागते.

आफ्रिकेत बोत्स्वानामध्ये याच प्रश्नावर वेगळा तोडगा निघाला. ओत्से या गावात बहिऱ्या कामगारांनीच सूर्यप्रकाशावर चार्ज होणारे सेल आणि यंत्रे जोडायला सुरुवात केली. यंत्र मिळूनही सेलअभावी ते बंद पडते, हा तिथला अनुभव त्यामागे होता.

आता हिशेब करू. ३१२ नंबरचा सेल आठवडाभर चालला असे धरले तर एका कानाला वर्षाला ५२ आणि दोन कानांना १०४ सेल लागतात. पाकिटात सहा सेल असतील तर अठरा पाकिटे. दरवर्षी. २०१७ ची ‘राष्ट्रीय वयोश्री योजना’ दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना श्रवणयंत्र देते. २०२४ पासून ‘मुख्यमंत्री वयोश्री योजने’त ६५ वर्षांवरील पात्र नागरिकांना साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. दोन्ही चांगल्याच गोष्टी आहेत. पण ‘एकदाच’ या शब्दाशी श्रवणयंत्राचे जुळत नाही. शिबिरात यंत्र मिळते, फोटो निघतो, सोबत दिलेले सेल संपतात आणि यंत्र कपाटात जाते. १९४८ च्या मेड्रेस्कोचा धडा इथे गिरवायला हवा. योजनेत यंत्राइतकीच सेलची तरतूद हवी, आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हवेत.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणदोषासाठी उपचार किंवा साधनांची गरज आहे, आणि ज्यांना यंत्राचा उपयोग होऊ शकतो त्यांपैकी जेमतेम १७ टक्के ते वापरतात. ज्याला ऐकू येत नाही तो आधी गप्पांतून उठतो, मग लग्नकार्याला जाणे टाळतो. पहिल्या सफेत बसूनही खुतबा कळत नाही, म्हणून कोपऱ्यात बसू लागतो. घरचे म्हणतात, वयामुळे स्वभाव बदलला. स्वभाव बदललेला नसतो, माणूस ऐकण्यातून वगळला गेलेला असतो.

मग निवड कशी करावी

पहिली पायरी दुकानाची नाही. कानाच्या डॉक्टरकडून कान तपासून घ्यावा. कधी मळ, कधी पडद्याला छिद्र, कधी जंतुसंसर्ग निघतो आणि यंत्राची गरजच लागत नाही. मग ऑडिओलॉजिस्टकडून तपासणी करून आलेख घ्यावा. बहिरेपण तीव्र असेल तर कानात दडणारे छोटे यंत्र पुरत नाही. कानामागचे, १३ किंवा ६७५ नंबरच्या सेलचे यंत्रच लागते.

दुसरी गोष्ट बोटांची. ज्यांच्यासाठी यंत्र घ्यायचे, त्यांनाच दुकानात सेल काढून पुन्हा घालायला सांगावे. मुलाला किंवा सुनेला जमते, हे पुरेसे नाही. दहा नंबरचा सेल हरभऱ्याच्या डाळीएवढा असतो. सांधे दुखणाऱ्या, मोतीबिंदू झालेल्या माणसाला तो रोज छळतो. अशांना चार्ज होणारे यंत्र सोयीचे. पण गावात वीज तासन् तास जात असेल, तर एका रात्रीचा खंड म्हणजे पुढचा पूर्ण दिवस मुका. आतली बॅटरी काही वर्षांनी थकते, तेव्हा ती बदलायला किती खर्च येईल आणि कोण बदलून देईल, हे आधीच विचारावे.

तिसरी गोष्ट रोजच्या सवयींची. वजूपूर्वी आणि आंघोळीपूर्वी यंत्र काढावे, कान कोरडा झाल्यावरच परत घालावे. रात्री सेलचे दार उघडे ठेवावे. यंत्र बंद राहते आणि ओलावाही निघून जातो. पावसाळ्यात यंत्र सुकवायच्या डबीत ठेवावे, पण सेल बाहेर काढून, कारण ती डबी सेललाही सुकवते. सेल फ्रीजमध्ये ठेवू नयेत. खिशात नाण्यांबरोबर किंवा किल्ल्यांबरोबरही नकोत. आणि औषधाच्या गोळ्यांशेजारी तर मुळीच नकोत. गोळी समजून सेल गिळल्याची प्रकरणे वृद्धांमध्ये घडलेली आहेत. लहान मुलांच्या हाती ते लागू देऊ नयेत. सेल गिळला गेल्याची शंका आली तरी लगेच दवाखाना गाठावा.

विक्रेता चॅनेल, ब्लूटूथ, अॅप यांबद्दल पुष्कळ सांगेल. ‘बाहेरून दिसतच नाही’ हेही आवर्जून सांगेल. राइनचे दुकानही दोनशे वर्षांपूर्वी हेच सांगत होते. ते सगळे ऐकून घ्यावे आणि मग आपला प्रश्न विचारावा. याला कोणत्या रंगाचा सेल लागतो, तो किती दिवस चालतो आणि आमच्या गावात कुठे मिळतो? या तीन प्रश्नांची उत्तरे पटली, तरच पैसे मोजावेत.